विश्वास आपला, जबाबदारी कुणाची?



"बायकांना नवीन काही लवकर पचनी पडत नाही." हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलं आहे. ग्रामसेवकाकडून, बँकेतल्या साहेबांकडून, कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडून, आणि खरं सांगायचं तर आपल्याच संस्थांच्या अहवालांतूनही. बायका बिनधुराची चूल वापरत नाहीत, घरात गॅस आला तरी सरपण गोळा करत हिंडतात, फोनवरून पैसे पाठवायला बिचकतात, दवाखान्यातलं नवं इंजेक्शन घ्यायला तयार नसतात. मग एक पाहणी होते. पाहणीचा निष्कर्ष बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो: जाणीव-जागृती कमी पडली. मग भित्तिपत्रकं, पथनाट्य, मेळावा. आणि मेळाव्याला बायका आणायच्या कुणी? आपणच.

हा विषय आत्ता घ्यायचं कारण एवढंच की बचत गट, आशा, अंगणवाडी सेविका आणि वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्या यांच्या हातून आज जितक्या नव्या गोष्टी घराघरांत जात आहेत तितक्या पूर्वी कधीच जात नव्हत्या. खातं उघडायचं, आधार जोडायचा, ॲप उतरवून घ्यायचं, विमा काढायचा, कर्जाचा फॉर्म भरायचा, गोळी द्यायची, इंजेक्शन सुचवायचं. दार उघडतं ते आपल्या ओळखीवर. आत काय जातं आणि ते बिघडलं तर पुढे काय होतं, याचा हिशेब मात्र आपण फारसा मांडलेला नाही.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत याचं एक शास्त्रच झालं आहे. ग्राहकाची निष्ठा, ग्राहकाचा विश्वास, नव्या तंत्रज्ञानाचा स्वीकार असे त्याचे धडे असतात. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलेलं सूत्र त्यात अजूनही शिकवलं जातं: वस्तू उपयोगाची वाटली आणि वापरायला सोपी वाटली, की माणूस ती स्वीकारतो. कचेरीत संगणक वापरणाऱ्यांच्या अभ्यासातून हे सूत्र आलं, आणि तिथे ते ठीकच असेल. आपल्या घरांत मात्र हा "माणूस" एक नसतो. विकत घेणारा एक, वापरणारी दुसरी, आणि बिघडल्यावर बोलणी खाणारी पुन्हा तीच दुसरी. उपयोग कुणाला वाटायला हवा आणि सोपं कुणाला वाटायला हवं, हा प्रश्न सूत्रात येतच नाही.

चुलीचीच गोष्ट घेऊ. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत केंद्र सरकारचा सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बांधल्या किंवा वाटल्या गेल्या. हेतू चांगला होता. धुराने बायकांचे डोळे जातात, छाती भरते, लहान मुलं आजारी पडतात, हे खोटं नव्हतं. तरीही त्यातल्या फार मोठ्या संख्येच्या चुली काही महिन्यांत बंद पडल्या, मोडल्या, किंवा बायकांनी त्यांची तोंडं वाढवून त्यांची पुन्हा जुनी चूल करून टाकली. सरकारी भाषेत याला "वापरकर्त्यांचा अपुरा प्रतिसाद" असं नाव मिळालं.

जुनी चूल कोण बांधते ते आठवून पाहा. माती ती आणते, शेण-भुसा ती कालवते, आपल्या भांड्यांच्या मापाने तोंड ठेवते, बाजूला वैल काढते, दर चार-आठ दिवसांनी तडे लिंपते, रोज पोतेरं फिरवते. चुलीची आखणी तिची, गवंडीकाम तिचं, दुरुस्ती तिची. नवी चूल साच्यातली. तोंड ठरावीक मापाचं, त्यामुळे मोठं पातेलं नीट बसत नाही. जाळ आत, त्यामुळे भाकरी निखाऱ्याला लावून फुगवायची सोय नाही. लाकडं बारीक फोडून घालावी लागतात, आणि ती फोडणार कोण? धुराड्यात काजळी साचली की पाइप काढून झाडायचा, म्हणजे छपरावर चढायचं. पाइपसाठी छपराला पाडलेल्या भोकातून पहिल्या पावसात पाणी गळायला लागतं आणि सासू विचारते, कुणी सांगितलं होतं हे घरात आणायला? चुलीला तडा गेला तर हिला ती जुनीसारखी लिंपता येत नाही, कारण आतली रचना बदलली की धूर उलटा घरात येतो. बांधणारा कारागीर उद्दिष्टातली चूल मोजून पुढच्या गावी गेलेला असतो. या सगळ्यानंतर तिने चूल मोडली तर तिला अडाणी म्हणायचं?

काही ठिकाणी हा कार्यक्रम चांगला चालला, हेही सांगायला हवं. जिथे गावातल्याच बायका चुली बांधायला शिकल्या आणि बिघाड झाल्यावर शेजारच्या आळीतून येऊ शकल्या, तिथे चुली टिकल्या. चूल तीच, माती तीच. फरक होता तो हाक मारल्यावर येणाऱ्या बाईचा.

गॅसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याकडे केवळ टीकेच्या नजरेने पाहून चालणार नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणी घरातल्या बाईच्या नावावर. ही गोष्ट लहान नाही. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, रेशनकार्डावरही जिचं नाव वर्षानुवर्षं दुसऱ्या ओळीत, तिच्या नावाचं पुस्तक घरात आलं. ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्याकडे, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), बचत गटांच्या बायकांच्या मेळाव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ५८.६ टक्के झाली. म्हणजे बायकांना नवीन नको असतं हे म्हणणं इथेच निकालात निघतं. त्यांना गॅस हवा होता. पहिल्या दिवशी चहा ठेवून शेजारणींना बोलावणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत.

पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाने पुढची गोष्ट उघड केली. ज्यांची जोडणी वर्षाहून जुनी होती, अशा लाभार्थींचा वर्षाचा सरासरी वापर मार्च २०१८ अखेर ३.६६ सिलिंडर होता, तो डिसेंबर २०१८ अखेर ३.२१ वर आला. चुलीवर हात न लावता स्वयंपाक करणाऱ्या घराला याच्या दुपटीहून जास्त लागतात.

असं का झालं? जोडणीसाठी सरकार १६०० रुपये भरत होतं, पण शेगडी आणि पहिलं सिलिंडर बऱ्याच जणींनी तेल कंपन्यांच्या कर्जावर घेतलं होतं आणि त्या कर्जाची वसुली पुढच्या अनुदानातून होत होती. दारात सिलिंडर आलं की पूर्ण बाजारभाव मोजायचा आणि अनुदान नंतर खात्यात यायचं. कर्ज घेतलेल्या बाईच्या खात्यात मात्र ते फिटेपर्यंत काही यायचंच नाही. हे तिला नीट सांगितलं गेलं होतं का? "मोफत गॅस" एवढंच तिने ऐकलं होतं. शेजारणीला पैसे परत आले, मला का नाही, हे विचारायला ती एजन्सीत गेली की तिथला मुलगा म्हणायचा, बँकेत विचारा. बँकेत म्हणायचे, आधार जोडलेलं नाही. दोन खेपांची मजुरी बुडाली. तिसऱ्या खेपेला कोण जाणार?

याहून खोल कारण मात्र घरातलं आहे आणि कुठल्याही योजनेच्या कागदात ते लिहिलेलं नसतं. लाकूड "फुकट" असतं. ते फुकट असतं कारण तीन-चार तास चालून मोळी आणणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली असते. गॅसला मात्र रोख पैसे लागतात आणि रोख पैसे घरातल्या पुरुषाच्या खिशात असतात. त्याच्या हिशेबात प्रश्न साधा असतो: हजाराच्या घरातलं सिलिंडर आणायचं की फुकटचं लाकूड जाळायचं? जे तंत्रज्ञान फक्त बाईचे कष्ट वाचवतं, ते तिच्या कष्टांना किंमत नसलेल्या घरात नेहमीच महाग ठरतं. म्हणून ती गॅस राखून ठेवते. पाहुणे आले, पोराची शाळेची घाई असली, पावसात सरपण भिजलं, की गॅस. एरवी चूल. याला नव्याची भीती म्हणता येत नाही. संपलं तर पुढचं सिलिंडर कधी येईल हे तिच्या हातात नाही, हे ओळखून केलेली ती काटकसर आहे. पुढे केंद्राने २०२२ पासून उज्ज्वलाच्या सिलिंडरला २०० आणि २०२३ मध्ये ३०० रुपयांचं अनुदान दिलं, महाराष्ट्राने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केली. भाव हाच अडसर होता, हे सरकारने स्वतःच मान्य केल्यासारखं झालं. तरी अहवालांत अजून "सवयी बदलण्याची गरज" असं वाचायला मिळतं!

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधायचं आहे: लाभार्थी. आपण तो इतक्या सहज वापरतो की त्यातली मेख दिसेनाशी झाली आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारी व्यक्ती, आणि तिच्या संमतीने ती वापरणारीसुद्धा. हा दुसरा भाग आपल्या फार उपयोगाचा आहे. पावती नवऱ्याच्या नावावर असली तरी मिक्सर वापरणारी बाई ग्राहक ठरते आणि तक्रार करू शकते. पण जे फुकट मिळालं त्याला हा कायदा लागत नाही. जिथे सगळ्यांनाच सगळी सेवा विनामूल्य मिळते असे दवाखाने कायद्याबाहेर राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ज्या बाईने पैसे दिले ती ग्राहक, तिला हक्क. जिला पैसे देणं शक्य नव्हतं ती लाभार्थी, तिने आभार मानायचे. वाटलेली शिवणयंत्रं, चुली, शेगड्या, फोन. बिघडलं तर परत कुठे करायचं, हे विचारणंही कृतघ्नपणाचं वाटावं अशी ही रचना आहे.

ग्राहकाची निष्ठा वगैरे शब्द ऐकले की मला गल्लीतला वाणी आठवतो. (त्याची थोरवी सांगायची नाही. मापात मारणारे वाणीही आपण पाहिले आहेत.) तरी बायका वर्षानुवर्षं त्याच दुकानात का जातात? पगार होईपर्यंत वहीवर मांडून ठेवतो, तांदळात किडे निघाले तर पुडा बदलून देतो, पाव किलो तेल मागितलं तर नाक मुरडत नाही. आणि मुख्य म्हणजे तो सकाळी तिथेच असतो. भांडायला माणूस समोर असणं ही विश्वासाची फार मोठी अट आहे. आज वस्तीत फोनवरून वस्तू येतात, कर्जंही येतात. भांडायचं झालं तर समोर यंत्राचा आवाज, एक दाबा, दोन दाबा.

वस्तू परत करण्याची गोष्ट निघाली आहे तर महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये काय केलं ते पुन्हा सांगायला हवं. पोषणाची माहिती भरण्यासाठी त्यांना सरकारने फोन दिले होते. त्या फोनची स्मृती इतकी अपुरी होती की ॲप चालताना फोन तापायचा, बंद पडायचा. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. त्यातच केंद्राचं नवं पोषण ट्रॅकर ॲप आलं, तेही इंग्रजीत. दहावी-बारावी झालेल्या, वीस-पंचवीस वर्षं गावाची नोंदवही चोख ठेवणाऱ्या बायका "डिजिटल साक्षर नाहीत" असं ठरवून मोकळे झाले सगळे. सेविकांनी काय केलं? जिल्ह्या-जिल्ह्यांत प्रकल्प कार्यालयांवर जाऊन फोन परत केले. शेकड्यांनी, हजारांनी. कारवाईच्या धमक्या आल्या तरी केले. आणि काम थांबवलं नाही, वह्या चालूच होत्या.

या बायकांना तंत्रज्ञान नको होतं असं कोण म्हणेल? त्याआधीचं ॲप मराठीत होतं आणि त्या ते वापरत होत्या. त्यांना चालणारा फोन हवा होता, आपल्या भाषेतलं ॲप हवं होतं, आणि बिघाडाचा खर्च आपल्या मानधनातून नको होता. पुढे ॲपमध्ये मराठी आली. २०२३ च्या संपातही नव्या फोनची मागणी पुढे होती. तंत्रज्ञानाच्या स्वीकाराचा अभ्यास करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर अभ्यासावा. संघटना असली की नको ती वस्तू परत करता येते. एकटीने फोन परत केला असता तर तिची नोकरी गेली असती.

सगळंच परत करता येत नाही, हे स्त्री-चळवळीला पूर्वीपासून माहीत आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी होणार होती. आलेल्या बायकांना ही चाचणी आहे, याचे दुष्परिणाम काय असू शकतात, हे सांगितलेलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते सांगितल्यावर बहुतेकजणी उठून गेल्या. पुढच्या वर्षी संघटनेने, सहेली आणि इतरांसह, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ते प्रकरण २००० पर्यंत चाललं. गोळी नको वाटली तर उद्यापासून बंद करता येते. टोचलेलं इंजेक्शन दोन-तीन महिने शरीरातून परत काढता येत नाही. म्हणून तिथे आधी सांगणं आणि नंतर काळजी घेणं या दोन्हींचं वजन कितीतरी जास्त. कुटुंबनियोजनाच्या सरकारी भाषेत साधन घेणाऱ्या बाईला "ॲक्सेप्टर" म्हणत. स्वीकारणारी! नाकारणारीसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. २०१७ पासून तीन महिन्यांचं इंजेक्शन "अंतरा" नावाने सरकारी कार्यक्रमात आलं आहे. काहीजणींना ते सोयीचंही वाटतं, कारण घरात कुणाला न कळता घेता येतं. त्यांची ती गरज आपण समजून घेतली पाहिजे. पण रक्तस्राव सुरू झाला, पाळी बंद झाली, की ती बाई रात्री कुणाचं दार वाजवते? आशाताईचं. आणि आशाताईला त्या वेळी देण्यासारखं काय दिलेलं असतं?

याच्या उलट बाजूला सोनोग्राफी. ती स्वीकारायला कुणालाही जाणीव-जागृतीची गरज पडली नाही. गर्भजल परीक्षा आणि मग सोनोग्राफी शहरांतून तालुक्यांपर्यंत बघता बघता पोचली. मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. इतकं अवघड, इतकं महाग तंत्रज्ञान इतक्या लवकर "स्वीकारलं" कसं गेलं? कारण ते घरातल्या सत्तेला हवं तेच करत होतं. बाईचे कष्ट वाचवणारी शेगडी महाग आणि मुलगी ओळखणारं यंत्र स्वस्त, असा हा हिशेब आहे. समाज नव्याला घाबरतो हे म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता आपल्या स्वतःच्या भूमिकेकडे. एखादी बाई नव्या गोष्टीला हो म्हणते तेव्हा तिने कंपनीचा इतिहास वाचलेला नसतो. तिने ताईला विचारलेलं असतं. ताई, हे बरं आहे का? ताईवरचा हा विश्वास वीस वर्षांच्या कामातून आलेला असतो. रात्री पोलीस चौकीत सोबत गेल्यातून, रेशनच्या रांगेत भांडल्यातून, दवाखान्यात बसल्यातून. ही आपली ठेव आहे, आणि बाजाराने तिची किंमत आपल्याआधी ओळखली. या शतकाच्या सुरुवातीला साबण-शाम्पू विकणाऱ्या एका बड्या कंपनीने आंध्रच्या नलगोंडा जिल्ह्यात बचत गटांच्या बायकांमार्फत माल विकायला सुरुवात केली आणि तो प्रयोग देशभर नेला. त्यातून काही बायकांना चार पैसे मिळाले, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्या खेड्यात कंपनीची गाडी जात नव्हती तिथे बाईचं नातंगोतं गेलं, हेही तितकंच खरं.

सूक्ष्म कर्जात हेच फार महाग पडलं. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहतात, म्हणून कर्ज बुडत नाही, हे कंपन्यांनी हेरलं. २०१० मध्ये देशातली सगळ्यात मोठी सूक्ष्मवित्त कंपनी शेअर बाजारात उतरली, आणि त्याच वर्षी आंध्रात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. तिथे वसुलीला दारात कोण बसत होतं? गटातल्याच मैत्रिणी. एकमेकींवरचा विश्वास तारण म्हणून घेतला गेला, आणि मोडला तेव्हा कंपनीच्या ताळेबंदात त्याची नोंद कुठेच नव्हती. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत आजही एका बाईच्या डोक्यावर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते आहेत. ज्या कार्यकर्तीने पहिल्या बैठकीला बायका जमवल्या तिच्याशी त्या आता बोलत नाहीत. कुठलीही कंपनी तिचं हे नुकसान भरून देणार नाही.

आणि सरकार? लाडकी बहीण योजनेत २०२४ पासून महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. पैसा तिच्या खात्यात येतो याचं मोल आपण जाणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात बाईबरोबर तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. ज्या राज्यात परित्यक्तांच्या प्रश्नावर परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, त्या राज्यात टाकून दिलेल्या बाईने नवऱ्याच्या फोनवर येणारा ओटीपी कुठून आणायचा, हे यंत्रणा तयार करणाऱ्यांना सुचलं नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवावी लागली, एकट्या बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली. मधल्या काळात रोज शिव्या कुणी खाल्ल्या? फॉर्म भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविकांनी.

फोनचंही तसंच. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५३.९ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा फोन होता. बँकेचं स्वतः वापरायचं खातं मात्र ७८.६ टक्के बायकांकडे होतं. म्हणजे कितीतरी जणींचं खातं त्यांचं आणि फोन दुसऱ्याचा. भांडी घासून, विटा वाहून झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत, तो आणखी वेगळा प्रश्न. अशा बाईने फोनवरून पैसे पाठवायला नको म्हटलं तर ती शहाणीच म्हणायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची आणि ग्राहकाची कुणाचीच चूक नसताना तिसऱ्याने खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर तिचं नुकसान शून्य धरायचं असतं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तिचं. हे परिपत्रक आपल्यापैकी किती गटांत वाचून दाखवलं गेलं? पैसे कसे पाठवायचे याची शिबिरं बँका हौसेने घेतात. पैसे गेले तर काय करायचं, १९३० वर तक्रार कशी करायची, पोचपावती कशी मागायची, याचं शिबिर आपल्यालाच घ्यावं लागणार आहे.

या देशातली ग्राहक चळवळ बायकांनी उभी केली, याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आणल्या. धान्य, तेल, रॉकेल मिळालंच पाहिजे आणि परवडणाऱ्या भावात मिळालं पाहिजे, हे त्यांनी दया म्हणून मागितलं नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या त्या बायका होत्या, आणि चूल पेटवायचा प्रश्न राजकारणाचा आहे याबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं आहे की कोणतीही नवी वस्तू, ॲप, कर्ज किंवा औषध वस्तीत नेण्याची विनंती आली, मग ती सरकारकडून असो, कंपनीकडून असो की मोठ्या देणगीदार संस्थेकडून, तर आधी गटाच्या बैठकीत ती मांडावी आणि लेखी उत्तरं घ्यावीत. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने? नको वाटलं तर परत घेणार का? नाही म्हणणाऱ्या बाईचा दुसरा कुठला लाभ तर अडणार नाही ना? सगळी कागदपत्रं मराठीत, मोठ्या अक्षरांत देणार का? नोंद कुणाच्या नावावर, फोन नंबर कुणाचा? आणि घरोघर जाणाऱ्या बाईला या कामाचा मोबदला किती, की तिनं तेही सेवा म्हणूनच करायचं? उत्तरं मिळाली नाहीत तर नाही म्हणायचं. त्यामुळे एखादा निधी हातचा जाईल, हे आम्हाला माहीत आहे. संस्थेचे पगार थकलेले असताना असा नकार देणं सोपं नाही, आणि ज्यांनी दिला नाही त्यांना बोल लावायचा आमचा इरादाही नाही. पण एकेकट्या संस्थेने नकार देण्यापेक्षा तालुक्यातल्या सगळ्या गटांनी मिळून एकच प्रश्नावली पुढे ठेवली तर तो भार वाटला जाईल.

लाभार्थीला ग्राहकाचे हक्क मिळावेत, मोफत दिलेल्या वस्तूलाही दुरुस्तीची आणि परत घेण्याची हमी असावी, अशी मागणी घेऊन येत्या काही महिन्यांत जिल्हा पातळीवर बैठका घ्याव्यात असा विचार आहे. त्यासाठी आपल्या गटांतले अनुभव हवे आहेत. कुठली वस्तू आली, कुणी आणली, किती दिवस चालली, बंद पडल्यावर काय झालं, एवढं साध्या पोस्टकार्डावर लिहून पाठवलंत तरी चालेल. एखादी वस्तू परत केली असेल तर ती कशी परत केली हे मात्र सविस्तर लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.